सातवी खुंटी

मी एक पितळी खुंटी बोलतेय. उंची नखाएवढी आणि भित्री म्हणाल तर पहिल्या नंबरची. कम्प्युटरच्या पेटीत मदरबोर्ड आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये आम्ही खुंट्या उभ्या राहतो. बोर्डाची पाठ पत्र्याला लागू द्यायची नाही, एवढंच आमचं काम. लागली, की बोर्ड जळालाच म्हणून समजा.

आम्ही सात बहिणी सात स्क्रूंसोबत एका पुडीतून या घरात आलो. घर दोघींचं. आई कपडे शिवते, लेक घरांचे नकाशे काढते. अपघातात लेकीचा पाय अधू झाला आणि ऑफिसचे तीन जिने चढणं बंद झालं. साहेब म्हणाले, "सहा महिने थांबतो. घरी कम्प्युटर आला तर घरून काम कर, नाहीतर जागा दुसऱ्याला."

मग आई दर महिन्याला एकेक भाग आणू लागली. कपाटात दुलईखाली सगळे जपून ठेवायची. बोर्ड तर वापरलेला मिळाला. दुकानदारानं बजावलं होतं, "जळाला तर माझ्याकडे येऊ नका." पुडीतून ते ऐकून मला तेव्हाच धडकी भरली होती.

शेवटच्या आठवड्यात मामा जोडणीला आला. मामा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. "कम्प्युटर म्हणजे काय, पंख्याचाच चुलतभाऊ!" असं म्हणत त्यानं पत्र्याला दिसेल त्या भोकात आम्हा साती जणींना बसवून टाकलं.

वरून बोर्ड आला. त्याला भोकं सहाच होती. बहिणींच्या डोक्यावर बरोबर एकेक भोक आलं. माझ्या डोक्याला मात्र बोर्डाच्या पाठीवरचे डाखाचे उघडे टाके टोचले. वीज आली की ती त्या टाक्यांतून माझ्या अंगात आणि थेट पत्र्यात उतरणार. जिला राखायला ठेवलं, तीच आता बोर्डाचा जीव घेणार होती. ओरडावं तर पितळेला घसा कुठला!

मामानं सहा स्क्रू आवळले. सातवा हातात उरला. "जास्तीचे देतातच हे लोक," म्हणून त्यानं तो टेबलावर टाकला. तो गडगडत शिलाई मशीनपाशी गेला.

लेकीनं प्लग भिंतीत घातला. बोट बटणावर ठेवलं. "मामा, लावू?"

संपलं सगळं, असं मला वाटलं.

"थांब गं," आई म्हणाली. तिच्या चिमटीत तो स्क्रू होता. "खुंट्या किती बसवल्यास रे?"

"सात."

"आणि स्क्रू लागले सहा. मग सातवं काज कुठाय?"

"अगं ताई, शर्ट आहे का तो?"

"तीस वर्षं शिवतेय मी. बटण उरलं की शर्टाची घडी घालत नाही, उलटा करून बघते. काढ तो बोर्ड."

"तुझं आपलं काहीतरीच! पुन्हा सगळं उचकटायचं?"

"मामा, काढा ना," लेक म्हणाली. तिनं प्लग केव्हाच उपसला होता.

कुरकुरत मामानं बोर्ड उचलला. मी एकटी उघडी पडले. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक झाला. "ताई, ही तशीच राहिली असती तर..."

"पुढचं बोलू नकोस," आई म्हणाली आणि तिनं पकड त्याच्या हातात दिली.

पकडीनं मला उपटलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी सोडवल्यासारखं वाटलं.

आता मी आईच्या बटणांच्या डब्यात असते. पलीकडून माऊसची टकटक ऐकू येते. ती थांबली की माझा जीव टांगणीला लागतो. मग लेकीची हाक येते, "आई, चष्मा दे गं जरा," आणि टकटक पुन्हा सुरू होते.

इतर वस्तू म्हणतात, आम्हाला वापरा, अडगळीत टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. डबा उघडलात आणि मी दिसले, तर कीव येऊन मला कुठे बसवू नका. बिनकामाची म्हणा हवं तर. फक्त झाकण तेवढं लावून घ्या.