पोट की बोट

"पंखा बंद करते, म्हणजे तुला शांत वाटेल," असं म्हणत विनिता मॅडमनी पंखा बंद केला आणि उन्नतीनं ओठ आणखीच घट्ट मिटले.

धामणकर नाक्याजवळच्या समुपदेशन केंद्रातला हा तिचा पाचवा गुरुवार. सतरा वर्षांच्या उन्नतीची आई, कमळ, गेल्या श्रावणात वारली. तेव्हापासून पोरीचं कॉलेज सुटलं, जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं तर बंदच. मॅडमनी तिला इतर मुलांबरोबर गटात बसवून पाहिलं, चित्रं काढायला दिली, वही दिली. बाकीची मुलं मोकळी झाली. ही मात्र मिठाची गुळणी धरून बसली.

बाहेर बाकावर तिचा बाप, बाळाराम. निजामपुऱ्यातल्या कापड कारखान्यात तीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा जॉबर. कान अधू झालेले, पण स्वभाव भलता चौकस. पोरीच्या मनात आहे तरी काय, हा एकच प्रश्न त्याला रात्रंदिवस पोखरत होता.

मॅडम बाहेर आल्या आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, "सगळ्यांना एकच रीत लागू पडत नाही हो. ही आधी कुठे बोलायची?"

"कारखान्यात, आईजवल. कमल मशीनवर कांडीला सूत भराची न ही शालेतून आली का तिच्यासमोर बसाची."

"एवढ्या खडखडाटात?"

"म्हनूनच ना, म्याडम! तिथं काय पन बोला, दुसऱ्याला ऐकू जात न्हाय. समोरचा ओठ बघतो न समजतो. तुमच्या खोलीत भिंतीला पन कान हायेत."

मॅडमना हे नवंच होतं. त्या आत वळून म्हणाल्या, "उन्नती, मी तिकडे आले तर चालेल?"

उन्नतीनं होकारार्थी मान हलवली. पाच गुरुवारांतलं तिचं हे पहिलं उत्तर.

पुढच्या गुरुवारी सुताच्या धुळीसाठी नाकाला ओढणी बांधून मॅडम कारखान्यात हजर. शेठची परवानगी बाळारामनं आधीच काढली होती. कमळच्या कांडी मशीनपाशी दोन स्टुलं मांडून तो पलीकडच्या लूमवर आपल्या कामाला गेला.

उन्नतीचे ओठ हलले. "पोट."

मॅडमनी काळजीनं तिचं बोट धरून उलटसुलट पाहिलं. प आणि ब ओठांवर सारखेच दिसतात, हे मॅडमना बिचाऱ्यांना कुठून माहीत? उन्नतीनं कपाळावर हात मारला आणि चक्क हसली. मग पोटावर हात ठेवून तिनं तोच शब्द पुन्हा सांगितला, हळूहळू, शिकवल्यासारखा. हसताना ती हुबेहूब कमळ दिसली. बाळारामला भरून आलं.

आता ती बोलू लागली, ती थांबेचना. वीस पावलांवरून त्याला तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. ज्यासाठी इतके महिने जीव टांगणीला लागला होता, ते समोर उलगडत होतं.

"बाबांना..." ती म्हणाली.

बाळारामनं पाना उचलला आणि दोघींकडे पाठ केली. समोरचा लूम ठणठणीत चालत होता. तरी तो त्याच्यापुढे वाकून, काहीतरी बिघडल्यासारखं बघत राहिला, मॅडमनी येऊन खांद्याला हात लावेपर्यंत.