घरचा दोरा

आमच्या घराचा दोरा नारिंगी. शेजारी बाटली म्हणून एक राहतो, त्याचा पांढरा, नणंदेच्या घरचा हिरवा. फाटलेलं जाळं ज्यानं-त्यानं आपल्याच रंगानं सांधायचं, म्हणजे वाहून गेलेलं जाळं कुठे सापडलं तरी ते कुणाचं हे विचारावं लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हा ही पद्धत मला फार गोड वाटली होती. कॉलेजातली पदवी पेटीत ठेवून मी सासूबाईंकडून गाठ शिकले. पुढे लेक झाली, तिला डोळ्यांसमोर बसवून जाळी सांधू लागले. सुई उचलली की आधी लेक कुठे आहे ते बघायचं, मग टाका घालायचा.

मासे मिळेनासे झाले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्यांना कामाला जुंपलं. पुरुषांनी सिमेंटची माणसाएवढी पोकळ कडी ओतली, बायकांनी डोक्यावरून खडी वाहिली. ती कडी नेऊन समुद्रात सोडली. त्यांच्यावर शेवाळ धरलं, शिंपले चिकटले आणि मग खरोखरच मासे राहायला आले. त्या जागेला सगळे वस्ती म्हणतात. वस्तीवर फक्त गळ टाकायचा, अंडी घालायच्या दिवसांत तोही नाही. आणि जो जाळं टाकेल त्याची होडी तिथेच बुडवायची.

"बुडलेली होडी म्हणजे माशांना आणखी एक खोली!" मामंजी म्हणाले होते. लोक पोट धरून हसले होते.

पहिली खोली बाटलीची झाली. बाटली दारूला शिवत नाही. मान लांब म्हणून हे नाव. पांढऱ्या दोऱ्याचं जाळं वस्तीवर अडकलेलं निघालं. तो हातापाया पडून सांगत होता, जाळं अंगणातून चोरीला गेलं म्हणून. मामंजींनी कुऱ्हाड त्याच्याच हातात दिली. "नियम हात बघत नाही, दोरा बघतो."

या वर्षी लिलावाच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेलं जाळं नारिंगी दोऱ्याचं होतं.

अंडी घालायचे दिवस होते. जाळ्यात अडकून कुजलेल्या माद्यांची पोटं फुटली होती. वासानं लेकीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मी गाठी बघितल्या. माझ्याच होत्या. आणि हे जाळं सासूबाईंनी माझ्यासमोर नणंदेच्या नवऱ्याला दिलेलं होतं, कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला.

मी नवऱ्याच्या कानात सांगितलं. तो बहिणीकडे बघत राहिला. मग मीच उभी राहिले.

"मामंजी, हे जाळं आपल्याकडे नव्हतं. भावजी घेऊन गेले होते. आईंना विचारा."

सासूबाईंनी पदर सारखा केला. नणंद उलट्या टोपलीवर बसली होती. इतक्या वर्षांनी तिला दिवस राहिले होते. तिचा हात पोटावर. भावजी नखं कुरतडत होते.

मामंजींनी आपल्या लेकीच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूनबाई, नियम हात..."

"...बघत नाही," मागून बाटली म्हणाला. "दोरा बघतो. बोला की मामा, पुढचं विसरलात काय?"

अख्खी शेड हसली. बाटलीची बायको तर डोळे पुसत हसत होती.

"बाबा," माझा नवरा म्हणाला, "होडी गेली तर आम्ही खायचं काय?"

"दाजींच्या होडीवर जा कामाला," मामंजी म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

आमची होडी निळी होती. आम्ही दोघांनी रंगवलेली. उरलेला रंग लेकीच्या खाटेला लावला होता. भावजींनीच ती आपल्या होडीला बांधून ओढत नेली. कुऱ्हाड बाटलीनं घातली, सावकाश, मध्येमध्ये थांबून, पाणी पीत. लोक किनाऱ्यावरून घाव मोजत होते. होडी तिरकी झाली तेव्हा माझ्या लेकीनं हात हलवून तिला टाटा केलं. त्यावरही हशा पिकला.

आता माझा नवरा भावजींच्या होडीवर आहे. पाणी उपसतो, नांगर ओढतो, ते म्हणतील तिथे गळ टाकतो. वस्तीवर सगळ्यात चांगला मासा आमच्या होडीत लागतो म्हणे. भावजी एकदा पिशवी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवत म्हणाले, "वहिनी, घ्या. तुमच्याच खोलीतला आहे." मी तो शिजवला. लेकीला भरवताना एकेक काटा बोटांनी चाचपून काढला. तिनं आणखी मागितला.

परवा भावजी एक जाळं घेऊन आले. नवंकोरं, पहिल्यांदाच फाटलेलं.

"सांधून द्या. तुमचा हात चांगला आहे."

"हिरवा दोरा आणलात?"

"नारिंगीच घाला ना." ते हसले. "तुमच्या दोऱ्याला आता कोण काय करणार? बुडवायला आहे काय तुमच्याकडे?"

ते गेल्यावर मी फाटलेली बाजू पसरली. दोन गाठींच्या मध्ये लाकडाची ढलपी अडकली होती. निळी. मी ती लेकीच्या खाटेला लावून पाहिली. रंग तोच.

नवऱ्याला दाखवली. त्यानं ती हातात फिरवली आणि परत माझ्या हातात दिली. "मी त्या फेरीला नव्हतो," म्हणाला, आणि अंघोळीला गेला.

मामंजींकडे जाण्यात अर्थ नव्हता. मी लेकीला कडेवर घेतलं आणि नणंदेच्या घरी गेले. तिला नववा लागला होता, पाय सुजले होते. उठू नका म्हटलं तरी उठली. माझ्या लेकीचे गाल ओढले, तिला खाऊ दिला.

"ताई, थोडा हिरवा दोरा द्याल?"

कशाला, हेही तिनं विचारलं नाही. फळीवरचं अख्खं रीळ काढून दिलं. "बाळासाठी झबली शिवायची आहेत," म्हणाली. "तू येशील ना मदतीला? मला मेलीला काही येत नाही."

"येईन की," मी म्हटलं.

दुपारभर बसून जाळं सांधलं. प्रत्येक गाठ दुहेरी घातली, समुद्रात कितीही दिवस राहिली तरी सुटणार नाही अशी. लेक शेजारी झोपली होती. गुंडाळताना हिरवा भाग आत ठेवला.

संध्याकाळी भावजी आले. जाळं खांद्यावर टाकताना म्हणाले, "झालं ना नीट?"

"पक्कं झालंय," मी म्हटलं.

ते गेले. मी कात्री घेऊन उरलेल्या दोऱ्याची टोकं गोळा केली, आणि झबल्यांचं माप घ्यायला कधी येऊ म्हणून नणंदेला फोन लावला.