मिशीकडे वळलेली बोटं

ऑफिसात तिला सगळे खबरी म्हणत. सगळे म्हणजे दोनच माणसं, तिची सख्खी मोठी बहीण आणि चित्रकार. कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तिघांची ती कंपनी होती. खालची यंत्रं गरागरा फिरायला लागली की वरची टेबलं थरथरत, आणि चित्रकार म्हणे, "चला, कंपनीत हालचाल तरी आहे."

लोकांच्या बोटांवर पाळत ठेवणं हे खबरीचं काम. तिघांनी मोबाइलवरचा एक गेम बनवला होता, केस कापायच्या दुकानाचा. त्याची जाहिरात नुसती बघायची नव्हती, खेळायची होती. दुसऱ्याच कुठल्या गेममध्ये रमलेल्या माणसासमोर ती अचानक उघडायची. खुर्चीत एक जाडजूड, गंभीर चेहऱ्याचा, झुपकेदार मिशीवाला गिऱ्हाईक बसलेला. त्याच्या डोक्यावर ठिपक्यांची रेघ. बोटाने कात्री ओढायची आणि रेघेवरून केस कापायचे. जमलं की गेम डाउनलोड करायचं बटण पुढे यायचं. बोट कुठे टेकलं, कुठे थबकलं, कुठे वळलं आणि माणूस कुठल्या क्षणी निघून गेला, हा सगळा प्रवास खबरीच्या पडद्यावर उमटायचा. बोट कोणाचं ते कळत नसे, आणि तिला त्या चांभारचौकशा नकोच होत्या.

दुखणं एकच होतं. जवळजवळ सगळेच निघून जात होते.

या गेमसाठी ताईने चांगली पक्की नोकरी सोडली होती. एकेक लेव्हल तिने स्वतः रचली होती, रेघेची वळणं अशी बेतली होती की कात्री फिरवताना हाताला सुख वाटावं. आता जुन्या कंपनीने तिला परत बोलावलं होतं, दुसऱ्या शहरात, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. "जाहिरात चालली तर राहते, नाही तर शटर ओढायचं," असं ताई म्हणाली, दूध संपलंय म्हणून सांगावं तितक्या सहज. ताईशिवाय हे काम करायचं ही कल्पनाच खबरीला सहन होत नव्हती.

ताईचं निदान ठरलेलं. "लोकांना जमत नाहीये गं. सोपं करूया." मग रेघ जाड केली. तरी चुका होतातच, म्हणून रस्ता दाखवणारा पांढरा हात घातला. तरी चुका होतातच, म्हणून कात्री एवढी मोठी केली की ती झाडं छाटायची वाटायला लागली. दरवेळी खबरीच्या तक्त्यात 'चूक' या रकान्यातला आकडा खाली यायचा सोडून वरच चढायचा. डोळे मिटूनसुद्धा जमेल असं काम लोकांना जमत नव्हतं!

मंगळवारी सकाळी तिने तो तक्ता वैतागून बंद केला. बेरजा बघून बघून डोकं भणभणलं होतं. आज एकेक बोटाचा प्रवास बघायचा, जणू तो माणूस शेजारीच बसलाय, असं तिने ठरवलं आणि चहाचा कप घेऊन बसली.

पहिलं बोट कात्रीवर टेकलं. रेघेजवळ गेलं. थांबलं. मग तिथून निघालं ते थेट खाली, कपाळ ओलांडून, नाकावरून, मिशीवर! कच्चकन अर्धी मिशी गायब. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'अरेरे, चुकलं!' आलं आणि माणूस निघून गेला.

घसरलं असेल बिचाऱ्याचं, खबरीला वाटलं. तिने दुसरं बोट काढलं. तेही मिशीवर. तिसरं रेघेकडे फिरकलंही नाही, सरळ मिशीवर गेलं. चौथ्याने आधी अगदी सज्जनासारखे थोडे केस कापले आणि मग भुरट्या चोरासारखं हळूच खाली उतरलं.

खबरी ताडकन उठली. कप कलंडला, चहा टेबलभर झाला, तिला त्याचं भानच नव्हतं.

"ताई! अगं ताई, हे चुकत नाहीयेत!"

"मग काय करतायत?" ताईने मान वर केली नाही.

"मुद्दाम करतायत! मिशी कापतायत त्याची!"

आता ताईने मान वर केली. "काहीतरीच काय. बोट घसरत असेल."

"घसरलेलं बोट थरथरतं गं, वाकडंतिकडं जातं. हे बघ, कशी सरळ रेघ आहे. आणि कात्री असते पार वरच्या कोपऱ्यात. तिथून मिशीपर्यंत कोणी घसरतं होय? आपण एवढी मोठी कात्री दिली, पांढरा हात दिला, त्यांची उलट सोयच झाली!" बोलताना तिचा आवाज चिरकत होता. "रेघेबाहेर गेलेलं सगळं मी 'चूक' म्हणून एकाच रकान्यात टाकत बसले. ही चूक नाहीच आहे, ही मजा आहे!"

"पण मिशी कापली कशी जाते?" ताईने चित्रकाराकडे मोर्चा वळवला. "मिशी वेगळी ठेवा म्हणून सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

चित्रकाराने कान खाजवला. "गेममध्ये ठेवली की वेगळी. जाहिरातीत जरा कंटाळा केला. केस आणि मिशी एकाच चित्रात काढले, म्हणून कात्री दोन्ही कापते." मग तोही पुढे वाकून बघायला लागला आणि एकदम खो खो हसत सुटला. "अहो, चेहरा बघा त्याचा! मिशी गेल्यावरचा हा असा चेहरा मीच काढलाय की काय?"

खरंच, त्या गंभीर गृहस्थाचे डोळे पाणावल्यासारखे दिसत होते. लोकांची बोटं तिथे थबकत, तो चेहरा बघत, आणखी काही करायला पुढे सरकत, तेवढ्यात 'अरेरे, चुकलं!' मध्ये कडमडायचं. ऐन रंगात आलेल्या माणसाला उठवून घरी पाठवावं तसं ते होतं.

"ती पाटी काढून टाकूया," खबरी म्हणाली. "रेघही नको. कात्री देऊ आणि बाजूला होऊ."

ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेघेशिवाय खेळ ही गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती. तरी धाकट्या बहिणीचा चेहरा बघून ती नाही म्हणू शकली नाही. अर्ध्या लोकांना जुनी जाहिरात दाखवायची, अर्ध्यांना नवी, आणि काय होतं ते बघायचं, असं ठरलं. चित्रकाराने गिऱ्हाइकाच्या हातात आरसाही दिला.

गुरुवारी दुपारी आकडे आले तेव्हा खबरीने ते आधी मनात वाचले, मग मोठ्याने वाचले, मग चित्रकाराला वाचायला लावले. जुन्या जाहिरातीत लोक नेहमीसारखे पळत होते. नव्या जाहिरातीत कोणी हलायला तयार नव्हतं! जाहिरातीची वेळ संपेपर्यंत बोटं कात्री सोडत नव्हती, आणि संपताच डाउनलोडच्या बटणावर तुटून पडत होती. चित्रकाराने खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारली. खबरीने ताईला अशी मिठी मारली की तिचा चष्मा लटकला. ताई "अगं हो, अगं पडेन ना" म्हणत होती आणि हसत होती. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

खबरीच ती, तिला कुठलं राहवतंय. डाउनलोड केलेल्या लोकांचं पुढे काय झालं ते बघायला ती परत पडद्याकडे वळली, आणि तिचा उत्साह जागच्या जागी थिजला.

लोक गेम उघडत होते. पहिल्या लेव्हलला ठिपक्यांची रेघ दिसायची. बोट आनंदाने मिशीकडे धावायचं. मिशी जागची हलायची नाही. बोट पुन्हा प्रयत्न करायचं, पुन्हा, आणि मग गेम बंद.

सांगायचं कसं? जाहिरात जिंकली होती आणि त्या जाहिरातीनेच ताईच्या गेमला हरवलं होतं. उद्या शुक्रवार. गप्प बसावं तर ताई खोट्या आशेवर नोकरी नाकारणार. खबरीने घसा खाकरला.

"ताई, इकडे ये जरा."

ताईने उभ्यानेच सगळं बघितलं. एकामागून एक बोटं तिच्या सुरेख वळणांच्या रेघा ओलांडून जात होती.

"म्हणजे रेघ कोणालाच नको आहे," ताई शेवटी म्हणाली.

"नको आहे," खबरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्या लेव्हल काढाव्या लागतील, ताई. पहिल्यापासून करावं लागेल. तू नोकरीला गेलीस तरी मी काही म्हणणार नाही."

ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसली. तिने फोन घेतला. नोकरीवाल्यांना लावणार, असं खबरीला वाटलं आणि तिने मान फिरवली. थोड्या वेळाने कच्चकन आवाज आला. मग आणखी एक. तिने वळून बघितलं. ताई नवी जाहिरात खेळत होती. मिशी साफ झाली होती, डोक्याच्या मधोमध रस्ता पडला होता, आणि ताईचं बोट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या वर काच घासल्यासारखं मागेपुढे चाललं होतं.

"काय हो," ती चित्रकारावर खेकसली, "भुवया का जात नाहीत याच्या?"

"भुवया?" चित्रकार गडबडला. "त्या वेगळ्या काढल्यात."

"वेगळ्या कशाला काढल्यात? मला भुवया कापायच्यात!" ताईने मान वर केली. गाल लाल झाले होते. "आणि पापण्या. आणि कानातले केस सुद्धा. उद्या सकाळी मी त्या लोकांना फोन करून नाही म्हणून सांगते, तोवर तुम्ही भुवया तयार ठेवा."