इंदुताईची सीतादही

नेर भागातल्या एका गावात एक रीत होती. कापूस कितीही फुटो, घरच्या बाईने शेतात सात खडे मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिला तास, म्हणजे झाडांची पहिली ओळ, स्वतः वेचल्याशिवाय दुसरी एकही बाई बोंडाला हात लावत नसे. हीच सीतादही. सरकारचा हुकूम लोक एक वेळ मोडतील, सीतादही मोडायची छाती कुणाची नव्हती.

आणि यंदा इंदुताईच्या शेतात सीतादहीच झाली नव्हती. दिवाळी तोंडावर आली, कापूस फुटून लोंबायला लागला, तरी इंदुताई घराबाहेर पडेना.

पाच वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली होती, तीही नेमकी सीतादहीच्याच आठवड्यात. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले, घर पुन्हा हसायला लागलं. यंदा पोळ्यानंतर तिची कंबर धरली. कामाचं दुखणं म्हणून महिनाभर तेल चोळून झालं. शेवटी नवऱ्याने, घनश्यामने, नागपूरला नेलं तेव्हा कळलं की तोच आजार मणक्यात उतरलाय. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं होतं की हा पुरता जाणार नाही, पण रोजच्या गोळीने आणि ठरलेल्या इंजेक्शनांनी त्याला दाबून ठेवता येतं, कित्येकांना वर्षानुवर्षं. माणसाचे कान मोठे लबाड. इंदुताईने ‘जाणार नाही’ एवढंच ऐकलं आणि बाकीचं तिथेच खुर्चीवर ठेवून आली.

गोळ्यांना तिने हात लावला नाही. मरायचंच आहे तर ही सोंगं कशाला, असं तिचं म्हणणं. आणि असला हात कापसाला लागू नये, ही वेडी समजूत वर. घनश्याम समजावून थकला आणि गोळ्यांचं पाकीट सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरायला लागला.

एके सकाळी हंसाबाई आली. साठीची, काटक, जिभेने तिखट. वीस वर्षं इंदुताईच्या शेतात वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. तब्येत कशी आहे, वगैरे काही तिने विचारलं नाही. सरळ चुलीपाशी जाऊन भात टाकला, दही कालवलं आणि बाया शेताच्या धुऱ्यावर खोळंबल्यात एवढंच सांगितलं. शेत घराच्या मागेच होतं. इंदुताई तिच्या खांद्याला धरून हळूहळू शेतातल्या बाभळीपर्यंत गेली आणि तिथे तिचा धीर सुटला.

"माह्या हाताले यश नाई, हंसाबाई. हाडात गेला तो. तुमीच करा काय ते."

हंसाबाईने पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांचं पाकीट होतं, अर्धं रिकामं. पांढऱ्यावर हिरवी पट्टी. घनश्यामच्या खिशात होतं, तसंच. याच बाभळीखाली रोज शिदोरीनंतर ती गोळी घेताना इंदुताईने तिला किती वेळा पाहिलं होतं. बीपीची असेल म्हणून कधी विचारलंही नव्हतं.

"माह्या छातीतून फुप्फुसात गेला तो," हंसाबाई म्हणाली. "सा वर्सं झाले. डाक्टर म्हने जानार नाई. म्या म्हटलं राह्य बाप्पा, पन मी वेचाले जाईन."

दर तीन महिन्यांनी ती नागपूरला जायची. तिथे दिलेल्या लेकीवर भारी जीव, असं गाव म्हणायचं; जायची ती दवाखान्यात. मधे एक गोळी लागू पडेनाशी झाली तेव्हा डॉक्टरांनी दुसरी दिली. एक हिवाळा फार वाईट गेला. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं.

इंदुताई तिच्याकडे बघतच राहिली. या बाईने सहा हंगाम वेचले, कापसाचं ओझं डोक्यावर नेलं, लेकीचं बाळंतपण केलं, अख्खी गल्ली ऐकेल अशी भांडणं केली. आणि हे सगळं तो आत असताना. देवळातही तिचे हात कधी इतके आपोआप जुळले नव्हते.

पाठ ताठ ठेवून, हंसाबाईच्या आधाराने खाली बसून तिने खडे मांडले, नैवेद्य दाखवला. पण वेचायला लागली आणि हात अधांतरी राहिला. बोंडं खाली होती आणि वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हंसाबाईने वाकून फांदी उचलली आणि तिच्या हाताशी धरली. ते पाहून दुसरी बाई पुढच्या झाडाशी गेली, तिसरी त्याच्या पुढच्या. बघता बघता बाया तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फांद्या धरून उभ्या राहिल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. इंदुताई ताठ पाठीने चालत राहिली आणि पांढराशुभ्र कापूस जमिनीवरून उठून तिच्या हातात येत राहिला. तिला रडू आलं, तरी ती थांबली नाही.

दुसऱ्या टोकाला घनश्याम उभा होता. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"पुढल्या सालीबी फांदी मीच धरीन," हंसाबाई म्हणाली.

"अन् तुमची कोन धरंन?"

"तू. म्हून तं तुले उठवाले आली."

इंदुताईने नवऱ्यापुढे हात पसरला. त्याने खिशातलं पाकीट काढून दिलं. नैवेद्याच्या दहीभाताचा घास घेऊन तिने पहिली गोळी गिळली, तोंड पुसलं आणि बायांना तासाला लागायला सांगितलं.