रुखमाबाईची जीभ

नागभीडच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर रुखमाबाईची खानावळ होती. गाडीवरचे गार्ड, धानाच्या गिरणीतले लोक, जंगलखात्याचे कारकून सगळे तिथंच जेवायचे. वांग्याचा रस्सा खदखदायला लागला की रुखमाबाई नुसत्या वासावर सांगायची, मीठ कमी आहे की मसाला कच्चा आहे. छपन्न सालच्या आश्विनात तिला ताप आला. सतरा दिवस अंथरुणात गेले. ताप उतरला, हळूहळू अंगात बळ आलं, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला तो गेलाच. भात खाल्ला तर ओला कागद चघळल्यासारखा वाटे. फोडणीतला लसूण जळला तर काळा पडलेला दिसल्यावरच कळे.

ही गोष्ट तिनं एकट्या नवऱ्याला, देवाजीला सांगितली. देवाजी मुळातच कमी बोलणारा. "येईन हळूहळू," एवढंच म्हणाला. ती जुन्या अंदाजानं रांधत राहिली आणि रोज विचारत राहिली, "कशी झाली जी भाजी?"

"बरी हाये."

"बरी म्हंजे कशी?"

"बरी म्हंजे बरी."

थंडी सरता सरता पंगत विरळ झाली. रुखमाबाईनं विचारलं तर देवाजी म्हणाला, कोणाची बदली झाली, कोणी गावाला गेलं. तिला ते पटेना. जेवून उठणाऱ्याच्या तोंडाकडे ती टक लावून पाहायची, उष्ट्या पत्रावळीत काय उरलं ते चाळायची. रात्री झोप नाही, दिवसा एका जागी बसवत नाही. फाल्गुनातल्या एका सकाळी तिनं पेटलेली चूल पाणी टाकून विझवली.

"चला."

"कुठी?" देवाजी म्हणाला.

"चामोर्शीले, गुनाबाईकडे. वाटेत जे भेटन ते खाऊ. कुठी ना कुठी जीभ जागी होईन."

ब्रह्मपुरीला मोटार थांबली तशी ती पहिल्यांदा उतरली. हॉटेलात आलूबोंडे तळणं चालू होतं. तिनं दोन घेतले. एक आपण खाल्ला, दुसरा देवाजीच्या हातात दिला आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहिली.

"सांगा, कसा हाये?"

"गरम हाये."

"ते मलेबी समजते. चव सांगा!"

देवाजीनं पुष्कळ विचार केला. "आलूची हाये," म्हणाला. बाजूच्या बाकावरचा माणूस हसला. रुखमाबाई तरातरा मोटारीत जाऊन बसली.

वैनगंगा डोंग्यानं पार केली आणि आरमोरीत एका कोष्ट्याच्या घरगुती खानावळीत दोघं बोकडाच्या रश्शाला बसले. रस्सा लालभडक, वर बोटभर तेल. पहिल्याच घासाला देवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रुखमाबाईचे ओठ पेटले, कान तापले, नाक गळायला लागलं, पण त्या आगीच्या मागे मटण कुठंच सापडेना. तिनं दुसरी वाटी मागितली, मग तिसरी. वाढणारी बाई कौतुकानं म्हणाली, "बाई, जबरदस्त खानारी हाये तू!" रुखमाबाईला रडू येत होतं, पण तिखटानं डोळे आधीच वाहत होते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

चामोर्शीत बहिणीनं, गुणाबाईनं, तांदळाची खीर केली, लाखोळीची डाळ केली, वडे केले. रुखमाबाई चाखायची आणि ताट सरकवायची. दुसऱ्या दिवशी बाजारात सिंदीच्या झाडाची ताडी विकणारा सिंदीवाला दिसला. तिनं भर बाजारात मडकं तोंडाला लावलं. पांढरा फेस ओठांवर, गार पाणी घशात, आणि बाकी काही नाही. गुणाबाईनं कपाळावर हात मारला. "माह्या सासरच्या गावात बाईमानसानं सिंदी पेली! आता मी कोनाले तोंड दाखवू?"

"दाखवू नको," रुखमाबाई म्हणाली. तिसऱ्या दिवशी पहाटेच तिनं पिशवी भरली.

"आता घरी ना?" देवाजीनं आशेनं विचारलं.

"धानोऱ्याले. लालसूभाऊकडे."

लालसू धानोऱ्याजवळच्या एका पाड्यातला गोंड. दर थंडीत मध आणि चारोळी घेऊन तो नागभीडला यायचा, दोन दिवस खानावळीत जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "बाई, एकदा आमच्या घरी या." ती आज येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल. तरी तिला फाटकात पाहून तो धावत आला. त्याची बायको मंगली अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. चैताच्या तोंडावरचं ऊन, सगळं अंगण त्या फुलांनी पिवळं झालेलं. देवाजीनं दोन वेळा खोल श्वास घेतला. रुखमाबाईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुपार कलल्यावर लालसूनं घरची मोहाची दारू काढली. पळसाच्या पानाचे द्रोण भरले, आधी देवाच्या नावानं चार थेंब भुईवर सांडले, मग पाहुण्यांपुढे धरले. मंगलीनं लाल मुंग्यांची चटणी वाटून आणली. रुखमाबाईनं द्रोण एका दमात रिकामा केला. छातीपर्यंत एक गरम रेघ उतरली आणि विझली. मग तिनं चटणी बोटावर घेऊन जिभेच्या कडेला लावली. काहीतरी टोचलं. तिनं पुन्हा लावली. पुन्हा टोचलं, आणि या वेळी गालाच्या आत पाणी सुटलं.

"आंबट!" ती ओरडली. "आंबट हाये ना जी? सांगा ना!"

देवाजीचा तिसरा द्रोण चालू होता. त्याचे कान लाल झाले होते. "आंबट हाये," तो म्हणाला, "चिंचेवानी नाई, लिंबावानी थोडी. मांगून मिरची येते. अन् मीठ बरोबर हाये. किती दिवसांनी मीठ बरोबर असलेलं खाल्लं मी!"

रुखमाबाईनं चटणी खाली ठेवली.

"म्हंजे?" रुखमाबाईनं विचारलं.

देवाजी आता थांबणारा नव्हता. दिवाळीपासूनचं सगळं बाहेर आलं. वरण खारट. वांग्यात मीठ दोनदा पडते, कधी पडतच नाही. कढी करपलेली. गिरणीतल्या लोकांनी तोंडावर सांगितलं होतं, गार्डांनी डबे आणायला सुरुवात केली होती. "मी म्हनलं त्यायले, बाईले सांगू नका," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून तिथंच झोपी गेला.

रुखमाबाई उठली ती पाड्याबाहेरच्या नाल्यापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. मंगली तिच्यामागं येऊन नाल्याच्या काठावर बसली. उजेड असेपर्यंत बसून राहिली, मग दोघी परत आल्या.

सकाळी देवाजी खाली मान घालून दात घासत होता. रुखमाबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"काल बोलले ते आता शुद्धीत बोला."

तो बोलला. एकेक पदार्थ घेऊन, हळूहळू.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू रडली असती."

"दोन दिवस रडली असती. तिसऱ्या दिवशी मीठ कमी केलं असतं!" तिचा आवाज चढला. "सहा महिने लोकायच्या तोंडाकडे पाहून राह्यली मी. येडी होऊन राह्यली. तुम्हाले दिसत नव्हतं?"

"चुकलो," तो म्हणाला.

त्या दिवशी मंगलीच्या चुलीवर रुखमाबाईनं डाळ शिजवली. मंगली पळी तोंडाला लावायची आणि फटकन सांगायची.

"मीठ नाई."

"आता?"

"आता लय झालं. पानी टाक."

"आता?"

"आता खाऊ शकते मानूस."

रुखमाबाई हसली. आश्विनापासून देवाजीनं तिला हसताना पाहिलं नव्हतं. तो उठला आणि दुसरी पळी घेऊन चुलीजवळ येऊन बसला.

गुढीपाडव्याला नागभीडची चूल पुन्हा पेटली. आता पातेल्याजवळ देवाजी उभा राहायचा. पहिले काही दिवस त्याची पंचाईत व्हायची. "बरी हाये" असं निघालं की रुखमाबाई पळी उगारायची. मग त्याला शब्द सापडायला लागले. कढी सुरुवातीला आंबट, शेवटाला गोड. आजचा मसाला कालच्यापेक्षा भाजका. एवढं बोलण्यासारखं आपल्या तोंडात होतं हे त्याचं त्यालाच नवल वाटे. गिरणीतले लोक आधी आले, मग एक गार्ड आला, त्याच्या मागून बाकीचे.

रुखमाबाईच्या जिभेवर आंबट तेवढं परतलं. बाकीचं आलं नाही, आणि तिचे पायही जागेवर ठरेनात. वैशाखात सिरोंच्याकडून सागाचे ओंडके आणणारा एक ट्रकवाला जेवायला बसला. तिकडं तेलंगी लोक अंबाडीच्या पाल्याची चटणी करतात, तो म्हणाला, मिरची, लसूण, वरून कच्चं तेल. आणि सोबत ताडी. खाताना कान दुखतात अशी आंबट.

रुखमाबाईचा वाढणारा हात तिथंच थांबला. तिनं चुलीकडे पाहिलं. देवाजीनं कढीची पळी खाली ठेवली होती आणि तो ट्रकवाल्याच्या समोर येऊन बसला होता.

"पावसानं नाले चढायच्या आधी जाऊन येता येईन का भाऊ?" तो विचारत होता. "अन् मोटार कोन्त्या वारी जाते?"