कानाला चिठ्ठी बांधलेला करंडक

मित्रांनो, मी एक जुना करंडक आहे. पोटावरचा चांदीचा मुलामा उडालाय, दोन कानांपैकी डावा कान वाकडा झालाय, आणि सध्या माझा मुक्काम वकिलांच्या ग्रंथालयात, खिडकीपाशी आहे. माझ्या फुगीर पोटात सगळं जग वाकून दिसतं. कपाटं वाकतात, माणसं ठेंगणी होतात, दुपारचं ऊन लोळत लोळत येतं. तेव्हा सांगताना थोडं वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

एका कारागिराने मला पत्र्यातून ठोकून घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आलं नाही, पण पोटावर नावं मात्र आली. दरवर्षी एक.

ही नावं कुणाची, तेही सांगतो. कोर्टाने निकाल दिला, की तो का बरोबर किंवा कुठे चुकला हे लिहून समजावणारे काही लोक असतात. त्या लेखाला भाष्य म्हणतात. वर्षातल्या सर्वांत चांगल्या भाष्याचं बक्षीस म्हणजे मी. वर्षभर विजेत्याच्या घरी राहायचं आणि मग या ग्रंथालयात परत यायचं. सलग तीन वर्षं एकानेच जिंकलं तर मात्र मी कायमचा त्याचा, असा नियम होता.

एका वकीलबाईंनी मला लागोपाठ दोन वर्षं जिंकलं. त्यांच्या घरी त्यांचे वडील होते, अण्णा. अण्णांनी जन्मभर कोर्टात कारकुनी केली, दुसऱ्यांच्या निकालांच्या नकला काढल्या. निवृत्तीनंतर ते या ग्रंथालयात येऊन चिठ्ठ्या चिकटवायचे. म्हणजे असं, की वरच्या कोर्टाने एखादा जुना निकाल फिरवला, की पुस्तकातल्या त्या पानाच्या समासात ‘रद्द’ अशी चिठ्ठी लावायची. पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि तेही काम सुटलं. मग ते मला मांडीवर घेऊन लेकीचं नाव बोटाने वाचत बसायचे. त्यांचं बोट फिरायला लागलं, की मला गुंगी यायची. मी इतकी घरं पाहिली, पण असं कुणी वाचलं नव्हतं. तिसऱ्यांदा नाव लागलं की याला परत पाठवायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि तिसऱ्यांदा नाव लागलंही. कोरून झालं त्याच आठवड्यात दुसऱ्या नंबरावर आलेल्या चष्मेवाल्या वकिलांनी तक्रार केली. बाईंचं सगळं भाष्य ज्या निकालावर उभं आहे तो केव्हाच रद्द झालाय, ग्रंथालयाच्या पुस्तकात तशी चिठ्ठीसुद्धा आहे, असं त्यांचं म्हणणं. बक्षीस देणाऱ्या समितीने ऐकलं नाही, तसे ते कोर्टात गेले. बाई म्हणाल्या, ती चिठ्ठी आपण लिहिल्यानंतर लागली असणार, आपल्याला ते पुस्तक पाठ आहे. पाठ होतं हेच नडलं. पान उघडून बघावं असं त्यांना वाटलंच नाही.

निकाल लागेपर्यंत मला कोर्टाच्या ताब्यात दिलं. माझ्या डाव्या कानाला नंबराची चिठ्ठी बांधली आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवून दिलं. शेजारी एक बंद घड्याळ, एक सायकल आणि कुणाची तरी छत्री. सगळ्यांच्या अंगावर चिठ्ठ्या. तिथे दिवस कळत नसत. झरोक्यातून धूळ हळूहळू उतरायची आणि मला वाटायचं, मी पाण्याच्या तळाशी आहे आणि वर कुणीतरी बोट बुडवून मला शोधतंय. दीड वर्षात मी काळा पडलो.

मग निकाल आला. परीक्षकांनी प्रामाणिकपणे बक्षीस दिलंय, कोर्ट काही लेख तपासायला बसलेलं नाही, करंडक बाईंचाच. चिठ्ठीचा विषय कोर्टाने उघडलाच नाही. मी घरी आलो. अण्णांचं बोट तिसऱ्या नावावर पोचलं आणि ते लहान मुलासारखे हसले.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात बाईंचा सत्कार होता, म्हणून मलाही नेलं. या खटल्यावर भाष्य तुम्हीच लिहा, असा भाष्यं छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांनी त्यांना आग्रह केला होता. मूळ पान बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा भाष्यकारांचा पहिला नियम. तो त्यांनी एकदाच मोडला होता. सत्कारानंतर त्यांनी ते पुस्तक माझ्याशेजारी उघडलं. समासात चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख नव्हती, सही नव्हती. पण अक्षर अण्णांचं होतं.

बाईंनी त्या अक्षरावरून बोट फिरवलं. माझ्या पोटात त्यांचा चेहरा अगदी लहान दिसत होता.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “अण्णा, चिठ्ठ्या चिकटवायचं तुम्ही कधी सोडलंत?”

“तू तिसरं भाष्य लिहायला घेतलंस ना, त्याच्या महिनाभर आधी. का गं?”

चिठ्ठी लेखाच्या आधीचीच होती, चूक माझीच, असं सगळं बाईंनी सांगितलं. पुढे म्हणाल्या, की हे अक्षर ओळखणारी मी एकटीच आहे. अण्णांचं बोट तिसऱ्या नावावर थांबलं होतं. मला फार वाईट वाटलं. मलाही त्या घरातून जायचं नव्हतं.

“नाव खरवडून टाकते,” बाई म्हणाल्या.

“खरवडायचं नाही,” अण्णा म्हणाले. “चुकलेला निकाल आपण फाडतो का? चिठ्ठी लावतो.”

बाईंनी भाष्य लिहिलं. कोर्टाचा निकाल बरोबर आहे आणि बक्षीस चूक होतं, हे दोन्ही त्यांनी कारणांसकट मांडलं. मग कोरणाऱ्याने तिसऱ्या नावाखाली ‘रद्द’ कोरलं आणि त्याखाली चष्मेवाल्यांचं नाव. मला न्यायला आले तेव्हा चष्मेवाले पायरीवरच घुटमळले. अण्णांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि मला स्वतःच्या हाताने त्यांच्या हाती दिलं.

आता मी पुन्हा फिरतीवर असतो. बाईंचं नाव परत काही लागलं नाही. पण ग्रंथालयात असलो, की रविवारी बाई अण्णांना घेऊन येतात. त्यांना आता काहीच दिसत नाही. बोट पहिल्या नावावरून निघतं, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून जातं आणि ‘रद्द’वर येऊन थांबतं. “अक्षर चांगलं आलंय,” ते दरवेळी लेकीला सांगतात.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मला पुसायची वेळ तुमच्यावर आली, तर हलक्या हाताने पुसा. चमक आली नाही तरी चालेल. तो एक शब्द झिजू देऊ नका. अण्णांना तो अजून वाचायचा असतो.