चौथा थांबा

चालकाने चौथ्या थांब्यावर बस उभी केली, दार उघडलं आणि आरशातून मागे पाहिलं. सीटांवर वाळूची पोती बसली होती. वजनाने माणसांइतकीच, पण वागायला कितीतरी शहाणी. खिडकीवरून भांडण नाही की सुट्ट्या पैशांवरून कटकट नाही. चाचणीच्या या मैदानात चढायला-उतरायला दुसरं होतं कोण?

दार उघडंच राहिलं.

"काका, निघा ना!" लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या इंजिनिअरबाई मागून ओरडल्या. "पेटी गार पडतेय!"

पेटी म्हणजे गॅसवर चालणाऱ्या या इंजिनाला जोडलेलं नवं यंत्र. गरम धुराच्या आचेवर ती थोड्या गॅसपासून हायड्रोजन करायची आणि तो इंजिनालाच परत पाजायची. मग गॅस नीट जळायचा, धूर स्वच्छ निघायचा. पण बस जास्त वेळ उभी राहिली की धूर निवायचा आणि पेटी रुसून बसायची.

"बाकीच्या थांब्यांवर वेळेत निघता, इथेच रेंगाळता. आज आकडे बिघडले तर पेटी भंगारात, गाडी गोदामात आणि तुम्ही घरी."

घरी म्हटल्यावर चालकाने उगाच स्टिअरिंग पुसलं.

"शहरात चालवायचो तेव्हा चौथ्या थांब्यावर आमची ही चढायची, मॅडम. कामावर जायला. रोज उशीर. पिशवी सावरत पळत यायची. लोक शिव्या घालायचे मला."

"आणि त्या?"

"ती तिकीट काढून मागे बसायची. ओळख दाखवायची नाही. म्हणायची, चारचौघांत शोभा नको."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू ओसरलं.

"आता त्या...?"

"ती नाही आता. पण ब्रेकवरचा पाय ऐकत नाही, एवढंच."

दुपारभर बसखाली आडव्या पडून बाईंनी पेटीला उष्णता धरून ठेवणारं जाड कापड गुंडाळलं. बाहेर आल्या तेव्हा नाकाला काजळी होती.

"बस म्हटली की कोणासाठी तरी थांबणारच. पेटीलाच धीर धरायला शिकवलंय."

पुढची फेरी. चौथा थांबा. दार उघडलं. लॅपटॉपच्या पडद्यावरचा पेटीच्या उष्णतेचा आकडा जागचा हलला नाही.

"थांबा काका!" बाईंचा आवाज आनंदाने चिरकला. "आज हवं तेवढं थांबा!"

चालकाने थांब्याकडे पाहिलं, मग पार मैदानाच्या कुंपणापर्यंत. आणि दार लावलं.

"अहो, का?"

"निघू या," तो म्हणाला. "ती कशाला येतेय आता."